झाकली मूठ आणि अर्धं टेबल: टोकियोच्या कॉमिकेटमधली दोजिनशी

निशिकासाईकर | १५ ऑगस्ट २०२४, २२:१०

परवाच्या सोमवारी मी आयुष्यात पहिल्यांदा दुकान लावलं. दुकान माझं नव्हे, ऑफिसातल्या मैत्रिणीचं. मी नुसती गल्ल्यावर. दुकानाचा आकार नव्वद सेंटिमीटर बाय पंचेचाळीस, म्हणजे एका लांब टेबलाचं अर्धं, आणि मागे दोन घडीच्या खुर्च्या. माल म्हणजे तिनेच लिहिलेली, तिनेच काढलेली आणि पदरमोड करून छापलेली अठ्ठावीस पानांची एक कॉमिक. प्रती पन्नास. बाजार मात्र लहान नव्हता: दोन दिवसांत दोन लाख साठ हजार माणसं.

जागा टोकियो बिग साइट हे प्रदर्शन केंद्र, बाजाराचं नाव कॉमिक मार्केट. सगळे 'कॉमिकेट' नाहीतर नुसतं 'कोमिके' म्हणतात. उन्हाळ्यात एकदा, वर्षाअखेरीस एकदा. यंदाचं १०४ वं. इथे जे विकलं जातं त्याला 'दोजिनशी' म्हणतात. 'दोजिन' म्हणजे समानधर्मी, एका आवडीची माणसं, आणि 'शी' म्हणजे अंक. प्रकाशक नाही, संपादक नाही. स्वतः काढा, स्वतः छापा, स्वतः विका. बरीचशी दोजिनशी कुठल्यातरी गाजलेल्या मांगातली (जपानी कॉमिक), ॲनिमेतली (जपानी ॲनिमेशन) किंवा गेममधली पात्रं उचलून रचलेली असतात. काही पूर्णपणे स्वतःची असतात, आणि काही कशाचीच नसतात, त्याबद्दल पुढे.

मैत्रिणीचं नाव लिहीत नाही. क-सान म्हणू ('सान' म्हणजे जपानी 'जी').

क-सानचं पुस्तक एका व्हॉलीबॉलच्या मांगावरचं आहे. नायक-बियक नाही. एका हरणाऱ्या संघातली दोन पोरं, मूळ गोष्टीत जेमतेम काही पानं वाट्याला आलेली. तिने त्यांना दहा वर्षांनी मोठं केलंय. एक गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. दुसऱ्याच्या घरचा नळ गळतो म्हणून तो वायसर घ्यायला येतो. साइज चुकते, परत येतो. पुन्हा चुकते, पुन्हा येतो. अठ्ठावीस पानं हेच. घडत काही नाही. बाविसाव्या पानावर वायसर हातात ठेवताना पहिल्याच्या बोटांवर खेळताना बांधायच्या जुन्या पट्ट्यांचे वळ दिसतात, आणि मला का कोण जाणे रडू आलं. मूळ मांगा मी वाचलेलाही नाही.

सकाळी पोचलो तर टेबलाखाली खोकं येऊन पडलेलं. छापखानाच थेट जागेवर पोचवतो. दोजिनशी छापणारे खास छापखाने आहेत. लवकर फाइल दिली की सूट, उशीर केला की जादा आकार, आणि फारच उशीर केला की पुस्तकच नाही. मग टेबलावर 'नवा अंक हुकला' अशी पाटी लावून माना खाली घालून बसलेली मंडळी दिसतात. क-सानने कटरने खोकं उघडलं, एक प्रत घेतली, सतरावं पान काढलं, काळा रंग जरा फिका आलाय हे बघून 'हं' म्हणाली आणि मिटलं. मग एका प्रतीला चिठ्ठी चिकटवून ती स्वयंसेवकाला दिली. त्याने पानन् पान चाळलं. ही नमुना प्रत प्रत्येक नव्या पुस्तकाची द्यावीच लागते. ती ते जपून ठेवतात.

मग शेजार. डावीकडच्या बाईंनी वाकून नमस्कार करून स्वतःचं पुस्तक दिलं, क-सानने तिचं दिलं. उजवीकडच्या मुलीने उन्हासाठी खारट गोळ्या दिल्या. आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण देतात तसा प्रकार. मी ऐनवेळी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि भाव खाल्ला.

थोड्या वेळाने लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, 'आता कॉमिक मार्केट १०४ सुरू होत आहे', आणि त्या प्रचंड हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी? स्टेजच नाही. अंगावर काटा आला.

क-सान म्हणाली, इथे गिऱ्हाईक कोणी नाही, सगळे सहभागी. विकणारा सहभागी, विकत घेणारा सहभागी, बिनपगारी राबणारे हजारो स्वयंसेवकही सहभागी. मला आधी हे सोसायटीच्या गणपतीतलं भाषण वाटलं. मग रांग बघितली. नामांकित मंडळींची टेबलं हॉलच्या भिंतीला लागून असतात, म्हणजे रांग बाहेर काढता येते. त्या रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात एक पाटी असते: 'शेवट इथे'. नवा माणूस आला की तो ती पाटी मागून घेतो आणि स्वतः शेवट होतो. कोणी सांगत नाही, कोणी चुकत नाही.

पैशाचं असंच. पुस्तकाची किंमत पाचशे येन. येणाऱ्याच्या मुठीत पाचशेचं नाणं नाहीतर हजाराची नोट तयार. दहा हजाराची नोट काढणं म्हणजे भल्या सकाळी एसटीत पाचशेची नोट काढण्यासारखं. कंडक्टर जसा बघतो तसंच बघतात, फक्त हसून.

दुपारी एक मुलगी आली. टेबलावर चाळायला ठेवलेली प्रत उचलली, उभ्याउभ्या पूर्ण वाचली, ठेवली, गेली. अर्ध्या तासाने परत आली आणि दोन प्रती घेतल्या. म्हणाली, 'मला वाटायचं ही दोघं आवडणारी जगात मी एकटीच.' क-सान ऑफिसात कधी आवाज चढवत नाही, पण तिथे दोघी दहा मिनिटं अशा बोलत होत्या की शेजारची टेबलं वळून बघायला लागली.

एकतीस प्रती गेल्या. हिशोब सांगते: सगळ्या पन्नास गेल्या असत्या तरी पंचवीस हजार येन. छपाई वीस हजारांच्या वर. टेबलाचं भाडं वेगळं, प्रवास वेगळा, मला पाजलेली बिअर वेगळी.

परतताना मी विचारलं, 'मूळ प्रकाशकाची परवानगी घेतली होतीस?'

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू भर पंक्तीत यजमानाला तुपाचा भाव विचारला. म्हणाली, 'विचारलं तर त्यांना नाही म्हणावं लागेल. त्यांनी नाही म्हटलं की आम्हाला ऐकावं लागेल. मग आम्ही ऐकतोय का हे त्यांना बघत बसावं लागेल. कशाला त्यांना त्रास?'

तेव्हापासून डोक्यात एकच म्हण फिरतेय, झाकली मूठ सव्वा लाखाची. हा सगळा पसारा त्या न विचारण्यावर उभा आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

फुलपात्र | १५ ऑगस्ट, २२:३१

मस्त लिहिलंय! वायसरची गोष्ट वाचायला मिळेल का कुठे? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कायद्याचंबोला | १५ ऑगस्ट, २३:०५

वर्णन छान. पण मराठीत याला एक सोपा शब्द आहे: चोरी. दुसऱ्याची पात्रं घ्यायची, पुस्तक छापायचं, पैसे घेऊन विकायचं आणि 'आम्ही समानधर्मी' म्हणायचं. उद्या मी दादरला टेबल टाकून डोरेमॉनची गोष्ट विकली तर चालेल?

---

निशिकासाईकर | १५ ऑगस्ट, २३:४०

@कायद्याचंबोला, डोरेमॉनचंच उदाहरण काढलंत ते बरं केलंत, कारण ते घडलेलं आहे.

डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले आणि मालिकेचा शेवट लिहायचा राहिला. मग अफवांचे शेवट फिरायला लागले. त्यातला एक असा: डोरेमॉनची बॅटरी संपते, बदलली तर आठवणी पुसल्या जाणार, म्हणून नोबिता अभ्यासाला लागतो, मोठा होऊन यंत्रमानवांचा शास्त्रज्ञ होतो आणि त्याला स्वतः जागा करतो. २००५ मध्ये एकाने हा शेवट दोजिनशी म्हणून काढला. चित्रशैली इतकी हुबेहूब आणि मुखपृष्ठ मूळ पुस्तकांच्या इतकं जवळचं की लोकांना तो खरा शेवटचा भाग वाटला. पाचशे येनचं पुस्तक, तेरा हजारांवर प्रती गेल्या. तेव्हा शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने इशारा दिला, काढणाऱ्याने माफी मागितली, उरलेल्या प्रती नष्ट केल्या, नफ्यातला वाटा दिला आणि २००७ मध्ये प्रकरण मिटलं.

पन्नास प्रती असत्या तर कोणी हूं की चूं केलं नसतं. मूठ झाकलेली राहिली नाही, हा खरा गुन्हा.

---

कायद्याचंबोला | १६ ऑगस्ट, ०८:१५

म्हणजे गुन्हा आहे हे मान्य! पोलीस काय करत असतात मग? लाखो लोक जमतात, पत्ता जाहीर, तारीख जाहीर.

---

अर्धीभाकरी | १६ ऑगस्ट, ०९:५०

वकील नाही, पण बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात थोडं काम केलं आहे, म्हणून बोलतो.

जपानमध्ये कॉपीराइटचा भंग हा मुळात 'फिर्याद असेल तरच खटला' या वर्गातला गुन्हा. मालकाने तक्रार केल्याशिवाय सरकारी वकिलाला हातच घालता येत नाही. अमेरिकेसारखी 'फेअर यूज'ची मोघम सवलत तिथल्या कायद्यात नाही. म्हणजे कागदावर बघाल तर बहुतेक दोजिनशी अडचणीत, आणि व्यवहारात बघाल तर कोणी फिर्यादच करत नाही.

मालक गप्प का बसतो याची कारणं धाग्यातच आहेत. अठ्ठावीस पानं काढणारी बाई मूळ मांगाचे सगळे खंड विकत घेते, वर सिनेमालाही जाते. तिच्यावर फिर्याद करणं म्हणजे स्वतःच्या देवळातल्या पुजाऱ्याला पोलिसात देणं. शिवाय उद्याचे चित्रकार इथूनच येतात. क्लॅम्प हा चार जणींचा गट आज जगभर माहीत आहे, त्याची सुरुवात दोजिनशी करणारं मंडळ म्हणूनच झाली. प्रकाशनसंस्थांचे लोक या टेबलांवर डोळा ठेवून असतात.

फिर्याद होतच नाही असंही नाही. १९९९ च्या जानेवारीत पोकेमॉनची प्रौढांसाठीची दोजिनशी काढणाऱ्या एका बाईला अटक झाली, पुढे एक लाख येन दंड. रक्कम फार नाही, पण अटकेने सगळ्यांना कापरं भरलं.

खरी घाबरगुंडी उडाली ती टीपीपी या पॅसिफिकभोवतालच्या देशांच्या व्यापार कराराच्या वेळी. फिर्यादीची अटच काढून टाका अशी मागणी त्यात होती. तसं झालं असतं तर कोणीही उपटसुंभ उठून पोलिसांना कळवू शकला असता. बरीच चर्चा, बरीच घासाघीस झाली, आणि ३० डिसेंबर २०१८ पासून जो बदल लागू झाला त्यात फिर्यादीशिवायचा खटला फक्त मूळ कलाकृती जशीच्या तशी विकून मालकाच्या पोटावर पाय आणणाऱ्यांपुरता ठेवला. पात्रं घेऊन नवी गोष्ट रचणारे बाहेर. म्हणजे संसदेने कायदा करताना हा झाकपाकीचा मामला लक्षात घेतला आणि मूठ झाकलेलीच राहू दिली. मला हे फार आवडतं.

---

कायद्याचंबोला | १६ ऑगस्ट, १०:०२

पुजाऱ्याचं उदाहरण पटलं. चोरी शब्द अर्धा मागे घेतो.

---

निवांत_पेन्शनर | १६ ऑगस्ट, १६:२०

वय वर्षे ७८. ॲनिमे-मांगा यातलं काही कळत नाही, नातवाच्या तोंडून ऐकतो. पण स्वतः काढा, स्वतः छापा, स्वतः वाटा, हे वाचून मन एकदम मागे गेलं.

साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अनियतकालिकांचं वारं होतं. आम्हीही गिरगावात एका मित्राच्या खोलीत एक काढलं. दोन अंक निघाले. स्टेन्सिलवर टंकलेखन करायचं, चूक झाली की लाल द्रव लावून वाळेपर्यंत फुंकायचं, मग सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं. मी फिरवणारा, कारण कवितेत माझी गती नव्हती. शाई कोपरापर्यंत जायची आणि आईला वाटायचं मी छापखान्यात नोकरी धरली. मोठ्या मासिकांच्या संपादकांच्या तोंडाकडे बघायचं नाही हा हेका होता. प्रती शंभर. वाचणारे बहुतेक लिहिणारेच.

जपानी मंडळींचं हे कॉमिकपासूनच सुरू झालं, की आधीही काही होतं?

---

शाईचाडाग | १६ ऑगस्ट, १९:४५

@निवांत_पेन्शनर काका, दंडवत. आधी साहित्यच होतं. जपानी शिकताना हे वाचलं होतं.

१८८५ मध्ये ओझाकी कोयो आणि त्याच्या विद्यार्थीमित्रांनी 'केन्युशा' नावाचं मंडळ काढलं आणि त्याचा अंक 'गराकुता बुन्को'. गराकुता म्हणजे अडगळ. सुरुवातीला हा अंक छापलेला नव्हता, हाताने लिहून एकमेकांत फिरवायचे. ओझाकी पुढे मोठा कादंबरीकार झाला. त्यानंतर कितीतरी जपानी लेखक आधी अशा मंडळांच्या अंकांत लिहूनच पुढे आले. मांगावाल्यांनी 'दोजिनशी' हा शब्द साहित्यिकांकडून उचलला. आज रस्त्यात दोजिनशी म्हटलं की लोकांना कॉमिक आठवतं, हा भाग वेगळा.

आणि तुमचं 'संपादकांच्या तोंडाकडे बघायचं नाही' हे कॉमिकेटच्या जन्मकथेत जसंच्या तसं आहे. तेव्हा मांगाप्रेमींचं एक मोठं संमेलन भरायचं. त्याच्यावर टीका केली म्हणून एकाला प्रवेश नाकारला. 'मेइक्यू', म्हणजे चक्रव्यूह, नावाच्या मंडळातले योनेझावा योशिहिरो, हारादा तेरुओ वगैरे चिडले आणि त्यांनी स्वतःचं वेगळं भरवलं. २१ डिसेंबर १९७५, तोरानोमोनमध्ये, अग्निशमन दलाच्या संस्थेच्या इमारतीतलं सभागृह. मंडळं बत्तीस, माणसं सातशेच्या आसपास. साहित्य संमेलनावर रुसून विद्रोही भरवावं तसं. फक्त यांचं विद्रोही मूळ संमेलनापेक्षा मोठं झालं.

योनेझावा पुढे २००६ मध्ये जाईपर्यंत कॉमिकेटचा सूत्रधार होता. त्याचा संग्रह आता मेइजी विद्यापीठात त्याच्या नावाच्या ग्रंथालयात आहे, २००९ पासून.

---

निवांत_पेन्शनर | १६ ऑगस्ट, २०:१०

अडगळ! आमच्या अंकाचं नाव यापेक्षा बरं नव्हतं. सांगणार नाही.

---

सरळमार्गी | १७ ऑगस्ट, ००:१२

सगळे कौतुकात न्हाऊन निघालेत. एक गोष्ट कोणीच बोलत नाही. यातलं निम्मं अश्लील असतं. गूगल करून बघा. त्याला 'संस्कृती' म्हणायचं?

---

साताऱ्याचा_कंदी | १७ ऑगस्ट, ००:२०

गूगल करून बघितलेलं दिसतंय तुम्ही व्यवस्थित. ;)

---

निशिकासाईकर | १७ ऑगस्ट, ११:३०

@सरळमार्गी, निम्मं की पाव मोजलं नाही, पण असतं, आणि भरपूर असतं. लपवायचा हेतू नव्हता. क-सानच्या रांगेत नव्हतं इतकंच.

नमुना प्रत पानन् पान चाळतात म्हटलं ना, त्याचं हेही एक कारण. जपानच्या दंडसंहितेचं १७५ वं कलम अश्लील साहित्याच्या विक्रीचं. त्यामुळे ठरावीक भाग काळ्या पट्टीने झाकलेले नसतील तर तिथेच विक्री थांबवतात. प्रौढांच्या पुस्तकावर तशी खूण आणि शंका आली तर वयाचा पुरावा. एका टेबलावर एक बापडा मार्कर घेऊन एकेका प्रतीत हाताने पट्ट्या ओढत बसलेला मी डोळ्यांनी बघितला. पंचविसेक प्रती असाव्यात. त्याच्या चेहऱ्यावर दहावीच्या परीक्षेची कळा होती.

याची किंमतही त्यांनी मोजलीय. १९८९ मध्ये लहान मुलींच्या खुनांच्या प्रकरणात एकाला अटक झाली, त्याच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटींचे ढीग सापडले, आणि 'ओताकू' (मांगा-ॲनिमेचं वेड असलेला) म्हणजे विकृत असं समीकरण वर्तमानपत्रांनी करून टाकलं. १९९१ मध्ये माकुहारीच्या ज्या प्रदर्शन केंद्रात कॉमिकेट भरायचं त्यांनी अश्लीलतेच्या कारणावरून जागा नाकारली. ऐनवेळी गाशा गुंडाळून परत टोकियोतल्या हारुमीला. १९९६ पासून बिग साइट. काळ्या पट्ट्यांची काटेकोर तपासणी त्या दणक्याची शिकवण आहे.

---

कैरीचंलोणचं | १७ ऑगस्ट, १३:१५

अश्लीलतेची चर्चा निघाली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुरुष येतात. म्हणून एक नोंद: १९७५ च्या त्या पहिल्या कॉमिकेटला आलेल्यांत बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या. मुलींसाठीच्या मांगात तेव्हा हागिओ मोतोसारख्या बायका काहीतरी जबरदस्त करत होत्या, त्यांच्या चाहत्या.

आणि दोन पुरुष पात्रांमधलं प्रेम रंगवणारा जो प्रकार आहे तोही मुख्यतः बायकांनी बायकांसाठी काढलेला. त्याला 'याओइ' म्हणायचे. तीन जपानी शब्दांची आद्याक्षरं: यामा नाही, ओची नाही, इमी नाही. मराठीत: ना रंग चढत, ना शेवट येत, ना अर्थ लागत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बायकांच्याच एका मंडळाने स्वतःच्या लिखाणाची स्वतः उडवलेली ही खिल्ली, आणि तेच पुढे नाव पडलं. ऐंशीच्या दशकात कॅप्टन त्सुबासा हा फुटबॉलचा मांगा आला आणि या मुलींनी अख्खा संघ एकमेकांच्या प्रेमात पाडला. मूळ मासिक मुलग्यांसाठी होतं हो!

क-सानची वायसरवाली गोष्ट याच खानदानातली वाटते. घडत काही नाही म्हणता, पण तिसऱ्यांदा साइज चुकते तेव्हा वाचणारीला कळतंच की.

---

निशिकासाईकर | १७ ऑगस्ट, १३:४०

@कैरीचंलोणचं, पकडलंस. आणि दोघांची नावं कुठल्या क्रमाने लिहायची यावरून मैत्र्या तुटतात असं ऐकलं. मी एकदा उलट्या क्रमाने बोलले तर क-सानने अत्यंत नम्रपणे, पण लगेच, दुरुस्त केलं.

---

बग_नाही_फीचर | १७ ऑगस्ट, २२:५५

हिंजवडीतून हजेरी. कॉमिकच्या पलीकडे बघा लोकहो, दोजिन गेम्स नावाचं आख्खं विश्व आहे!

तोहो प्रोजेक्ट ही गेमची मालिका. झून नावाचा एकच माणूस. कोड तो लिहितो, संगीत तो करतो, चित्रं तो काढतो (चित्रं जरा… असो, प्रेम आहे). बिअर पिण्यासाठी तितकाच प्रसिद्ध. २००२ च्या उन्हाळी कॉमिकेटमध्ये त्याने विंडोजवरचा पहिला तोहो गेम सीडीवर विकला. त्याच कॉमिकेटमध्ये हिगुराशी या गाजलेल्या भयकथेच्या गेमचा पहिला भागही आला होता. एका छताखाली, घडीच्या टेबलांवर. टाइम मशीन मिळालं तर मी तिथेच जाणार.

मुद्दा असा की झूनने मूठ झाकलेलीच नाही. माझी पात्रं घ्या, गाणी घ्या, या या अटी पाळा, करा काय करायचं ते, असं त्याने लिहून दिलंय. परिणाम? फक्त तोहोच्या दोजिनचा वेगळा बाजार २००४ पासून भरतो. मी स्वतः तोहोच्या एका चालीचं गिटार व्हर्जन टाकलंय (ऐकणारे: १४, त्यात आई दोनदा). म्हणजे विचारलं तर नाहीच म्हणतात असं नाही ना?

---

अर्धीभाकरी | १८ ऑगस्ट, ०९:२०

@बग_नाही_फीचर, बरोबर, पण झून स्वतःच दोजिनवाला आणि स्वतःच मालक. त्याला संपादक नाही, जाहिरातदार नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थेतल्या अधिकाऱ्याने लेखी 'करा' म्हटलं की उद्या एखादं किळसवाणं पुस्तक निघाल्यावर त्याच्याकडेच बोट जाणार.

मधला मार्गही काढून बघितलाय. २०१३ मध्ये आकामात्सु केन या मांगाकाराने 'दोजिन मार्क' पुढे आणला. एक छोटी खूण. मालिकेवर ती छापली की लेखकाने दोजिनशी काढायला उघड परवानगी दिली असं समजायचं. स्वतःच्या नव्या मालिकेवर त्याने ती लावली. हा गृहस्थ पुढे २०२२ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर पाच लाखांहून जास्त मतं घेऊन निवडून आला. प्रचारात मुद्दा हाच: चित्रकाराच्या अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य.

---

शाईचाडाग | १८ ऑगस्ट, १२:०५

झाकल्या मुठीची दुसरी बाजूही लिहायला हवी. कागदावर हक्क नसला की तुम्हाला कोणीही हुसकू शकतं.

२०१२ मध्ये 'कुरोकोचं बास्केटबॉल' या मांगाविरुद्ध एकाने धमक्यांची पत्रं पाठवायला सुरुवात केली, मूळ लेखकाच्या विद्यापीठापासून ते कार्यक्रमांच्या जागांपर्यंत. डिसेंबरच्या कॉमिकेटने मग त्या मांगावरच्या शेकडो मंडळांना येऊ नका असं सांगितलं. कित्येकींची पुस्तकं छापूनही झाली होती. त्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. माणूस वर्षभराने सापडला, २०१४ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्याचा त्या मांगाशी काही संबंध नव्हता, लेखकाचं यश सहन होत नव्हतं.

आयोजकांना दोष देत नाही, लाखोंच्या जिवाचा प्रश्न. पण पन्नास प्रतींचं खोकं घरी घेऊन बसलेल्या मुलीने दाद कोणाकडे मागायची? तिचं पुस्तक तर अधिकृतपणे अस्तित्वातच नाही.

---

फुलपात्र | १८ ऑगस्ट, १२:४०

हे वाचून गलबललं.

---

कोपऱ्यावरचीमावशी | १८ ऑगस्ट, १७:३०

इतक्या गंभीर चर्चेत माझा व्यवहारी प्रश्न. लेक डिसेंबरात जपानला चाललीय, या बाजाराला जायचंच म्हणते. काय काळजी घ्यायची? आणि त्या 'कशाचीच नसलेल्या' पुस्तकांबद्दल पुढे लिहिते म्हणालात, ते राहिलं.

---

निशिकासाईकर | १८ ऑगस्ट, २१:१५

@कोपऱ्यावरचीमावशी, पुढचं २९ आणि ३० डिसेंबरला. तिकीट आगाऊ काढायचं. बाहेरची रांग समुद्राच्या वाऱ्यात असते, हातमोजे हवेतच. पाचशेची नाणी आठवडाभर आधीपासून साठवायची. पळायचं नाही. टेबलाचा किंवा माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. हे जमलं नाही तर टोकियोतल्या नाकानोला मांदाराके नावाच्या दुकानात जुनी दोजिनशी मिळतात. स्वतःच्याच गोष्टी असलेली हवी असतील तर कोमितिया नावाचा वेगळा मेळावा आहे, १९८४ पासूनचा, तिथे उसनी पात्रं चालत नाहीत.

आता 'कशाचीच नसलेली'. दुपारी क-सानने मला तासभर सुट्टी दिली तेव्हा मी माहिती-समीक्षेच्या पुस्तकांच्या टेबलांकडे गेले आणि तिथेच अडकले. कोणी बस थांब्यांच्या बाकांवर पुस्तक काढलंय. कोणी गटारांच्या झाकणांवर. एक आजोबा फक्त बंद पडलेल्या रेल्वे फाट्यांवर लिहितात, प्रत्येक फाट्याचा हाताने काढलेला नकाशा. यात कोणाची पात्रं नाहीत, कोणाची परवानगी नको, वाचक मिळाला तर मिळाला.

मी घेतलं ते पुस्तक टोकियोतल्या इंडियन-नेपाळी हॉटेलांतल्या नानचं. हो, नान. लेखक हॉटेलात जातो, नान आलं की खिशातून मोजपट्टी काढतो, लांबी-रुंदी घेतो, फुगा कुठे आलाय त्याचं रेखाचित्र काढतो, मग खातो. चाळीस हॉटेलं. मी भारतीय आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा जो काही उजळला! मग मी सांगितलं की आमच्या घरी नान कधीच होत नाही, पोळी होते, कधी भाकरी. त्याने वही काढून 'भाकरी' लिहून घेतलं. व्यास विचारला. मी हाताने दाखवला तर म्हणाला, जरा तसाच धरा, आणि मोजपट्टी लावली.

---

साताऱ्याचा_कंदी | १८ ऑगस्ट, २१:२८

आयुष्यात असा नाद पाहिजे राव. कोणाची भाकरी मोजली त्याने, घाटावरची का कोकणातली? फरक आहे.

---

फुलपात्र | १९ ऑगस्ट, १०:००

क-सानच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा तरी फोटो टाक ना. नाव पुसून टाक हवं तर. तिला विचारून बघ.

---

निशिकासाईकर | १९ ऑगस्ट, १९:५०

विचारलं. आज जेवणाच्या सुट्टीत. मराठी लोकांची एक जागा आहे, तिथे तुझं पुस्तक सगळ्यांना आवडलंय, फक्त मुखपृष्ठ टाकू का?

थोडा वेळ डबा बघत बसली. मग म्हणाली, 'विचारलंस म्हणून नाही म्हणते.'

---

कायद्याचंबोला | १९ ऑगस्ट, २०:०५

उरलेला अर्धाही मागे.

---

साताऱ्याचा_कंदी | १९ ऑगस्ट, २०:११

ते सगळं ठीक. सगळ्यात मोठं नान किती निघालं ते सांगा.

---

निशिकासाईकर | १९ ऑगस्ट, २०:३०

४६ सेंटिमीटर. ताटात मावत नव्हतं, वाटीवर टेकवून ठेवलेलं. रेखाचित्रात वाटीही काढलीय.